खोक्याच्या फळ्यांवरचा फ्यूग

घरामागच्या बगिच्याचं पाणी गेल्या आठवड्यात बंद झालं. दर डिसेंबरात होतं तसंच. संत्र्याच्या झाडांना ताण द्यायचा म्हणजे महिना-दीड महिना पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. पानं कोमेजतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. नवख्या माणसाला वाटतं, गेली बाग. मग जानेवारीत एका सकाळी मोटर सुरू होते, झाडांची आळी भरतात, आणि तीन-चार आठवड्यांत आमच्या अख्ख्या सौंसर गावाला फुलांचा वास सुटतो. बसमधून उतरलेला पाहुणासुद्धा क्षणभर पिशवी खाली ठेवून उभा राहतो. हे मी जन्मापासून बघत आले आहे. पण तीन वर्षं झाली, मागची मोटर मुकी झाली की माझ्या पायाची बोटं चपलेत आपोआप हलायला लागतात. मी सरकारी दवाखान्यात औषधं देते. खिडकीपलीकडे रांग असते, हातानं गोळ्यांची पाकिटं पुढे सरकवणं चालू असतं, आणि काउंटरखाली माझा डावा पाय एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाऊन येतो. कुणाला दिसत नाही हे बरं आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात मी फ्यूग शिकत होते. दवाखान्यातल्या बाईनं असा शब्द उच्चारला की समोरचा आधी घाबरतो, हे मला माहीत आहे, म्हणून लगेच सांगते. तीनशे वर्षांपूर्वी, ज्याला बरोक काळ म्हणतात त्या काळात, युरोपातल्या चर्चमधले ऑर्गनवादक ही रचना फार लिहीत. एक लहानशी सुरावट एकटीच सुरू होते. ती संपते न संपते तोच दुसरा आवाज तीच सुरावट वरून उचलतो; पहिला गप्प बसत नाही, तो दुसऱ्याच्या बाजूबाजूनं आपलं वेगळं काही बोलत राहतो. मग तिसरा येतो. तिघं आपापलं बोलत असताना सगळ्यात खालून, जमिनीतून आल्यासारखा चौथा येतो, आणि तो हातांनी वाजत नाही. तो पायांनी वाजतो. बाकावर बसायचं, समोर हातांसाठी दोन मजली पट्ट्या, खाली पायांसाठी लांब लाकडी पट्ट्यांची रांग, आणि चार माणसांचं काम एकटीनं करायचं.

बाबांना मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते अंगणात बसून हार्मोनियमच्या भात्याला चिकटपट्टी लावत होते. बाबांचं जयंतीच्या मंडपात गाणारं मंडळ होतं. पांढुर्णा, तिगाव, लोधीखेडा, कुठून बोलावणं येईल तिथे पेटी घेऊन ते चाळीस वर्षं गेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग आमचं काय वेगळं होते? मी ओळ म्हणतो, मांगचे झीलकरी झेलतात."

"पण बाबा, इथे झेलणारे ओळ झेलतात आणि म्हणणारा पण थांबत नाही. चौघंही बोलून राहतात."

"चौघं एका टाइमले बोलतात, आन् भांडण नाही होत?"

"नाही होत."

"मंडळात हे आणून दाखव," बाबा म्हणाले आणि पुन्हा भात्याकडे वळले.

ऑर्गन मला नागपुरात भेटला. औषधशास्त्राच्या पदविकेला मी तिथे होते, आणि होस्टेलच्या वाटेवर एक जुनं दगडी चर्च होतं. एका संध्याकाळी त्याच्या उघड्या दारातून असा आवाज आला की मी सायकलवरून उतरले. पेटी तर माझ्या घरातच होती, सूर ओळखीचे होते, पण हे सूर भिंतींमधून येत होते. आत जायचा धीर झाला नाही. पदविका झाली, नोकरी लागली, आई गेली, बाबा म्हातारे झाले, आणि अडतिसाव्या वर्षी मी एका रविवारी सौंसरहून बसनं जाऊन त्या दारात पुन्हा उभी राहिले. आत शिरसाट सर होते. सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटं संधिवातानं वाकडी झालेली. म्हटलं, मला शिकायचं आहे. त्यांनी विचारलं, चर्चला येता का? म्हटलं, आम्ही बौद्ध. ते म्हणाले, "ऑर्गनला विचारून बघू, त्याला चालतं का." आणि त्यांनी वाऱ्याच्या पंख्याचं बटण दाबलं. कुठेतरी मागे मोठ्ठा श्वास भरला गेला. तो आवाज मी अजून रोज ऐकला तरी मला कंटाळा येणार नाही.

पेटी वाजवणाऱ्यांची एक गंमत असते. आमचा उजवा हात हुशार आणि डावा हात हमाल. उजवा सूर काढतो, डावा जन्मभर भाता मारतो. माझ्या डाव्या हाताला पहिल्यांदा पट्ट्यांवर ठेवलं तेव्हा तो बिचारा हवेतच हलायला लागला. सर पोट धरून हसले. दोन वर्षं त्या हमालाला अक्षरओळख करून देण्यात गेली. त्या संगीतातली नक्षी मात्र मला लवकर आली. बरोक सुरांवर छोट्या छोट्या थरथरत्या जागा असतात, वरच्या सुरावरून खाली यायच्या; सरांना वाटलं त्याला महिने लागतील. मी पहिल्याच दिवशी घेतली. बाबांनी लहानपणी हजार वेळा घोटून घेतलेली मुरकीच होती ती, फक्त कोट-टाय घालून आलेली.

आता खरी गोष्ट. त्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी मला बसवून सांगितलं की चर्चच्या कमिटीला निर्णय घ्यायचा आहे. सरांच्या बोटांनी आता प्रार्थनेची गाणी कशीबशी होत होती. ऑर्गनच्या नळ्यांना दुरुस्ती हवी होती. कमिटीचं म्हणणं सरळ होतं: वाजवणारं माणूस असेल तर दुरुस्ती करू, नसेल तर पंखा कायमचा बंद करू आणि एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड ठेवू. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, ते ऐकणार होते. "आणि वाजवायचा तो फ्यूग," सर म्हणाले. "पूर्ण. पायांसकट. पायांशिवाय ऑर्गन म्हणजे मोठी पेटीच, आणि मोठ्या पेटीसाठी कोणी दुरुस्तीचा खर्च करणार नाही." मी बसमध्ये बसले आणि सावनेरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. तो ऑर्गन बंद झाला तर सरांच्या पन्नास वर्षांचं काय, हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू, पण त्याच्याआधी आला तो माझा विचार. एकेचाळिसाव्या वर्षी मला जे हवं होतं ते नेमकं सापडलं होतं, आणि आमच्या आसपास दुसरं तसं वाद्य मला माहीत नव्हतं.

अडचण पायांची होती. हातांचा सराव घरी पेटीवर थोडाफार होई, पण पायांना रविवारचा एकच तास मिळे. म्हणून डिसेंबरच्या मध्यावर मी वामनकाकांकडे गेले. वामनकाका बाबांच्या मंडळातले ढोलकीवाले, पांढुर्ण्याला संत्र्याची लाकडी खोकी बनवायचे. आता सगळीकडे प्लास्टिकचे क्रेट आले, तेव्हापासून त्यांच्या अंगणात फळ्यांचा ढीग तसाच पडून होता. मी ऑर्गनजवळ बसून मापं घेतली होती: पट्टीची रुंदी, दोन पट्ट्यांतली फट, काळ्या पट्ट्यांची उंची, एकूण तीस. कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"वाजन का हे?"

"नाही काका. आवाज नाही येणार. फक्त पायांना सवय व्हावी म्हणून."

"मुका बाजा," काका म्हणाले. "आजपर्यंत असं गिऱ्हाईक नव्हतं आलं माह्याकडे."

आठ दिवसांत तो मुका बाजा संत्र्याच्या पिकअपच्या मागे बांधून सौंसरला आला. दोन-दोन फळ्या जोडून केलेल्या तीस पट्ट्या, पाय उचलला की पट्टी वर यावी म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. एका फळीवर अजून निळ्या शाईचा संत्र्याचा छाप होता. मी मोजपट्टी काढली, एक पट्टी मोजली, बरोबर भरली, आणि खूश झाले. दवाखान्यात मिलिग्रॅमचा हिशेब ठेवणारी मी, एकच पट्टी मोजून मोकळी झाले.

बाबांना मात्र ते बघवेना. मी सरांनी आणवलेले चामडी तळव्याचे बूट घालून त्या फळ्यांवर पाय ठेवले आणि बाबा उठून आत गेले. जेवताना म्हणाले, "पेटी शिकवली तेव्हा तुले काय सांगतलं होतं?"

सांगितलं होतं, पेटीला पाय लागता कामा नये. लागला तर हात लावून कपाळाला लावायचा. आमच्या घरात मूर्ती नाही, पूजा नाही, नवस नाही. बुद्धवंदनेपलीकडे बाबा कशाला हात जोडत नाहीत. पण पेटीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकून घेणारे नव्हते.

"बाबा, हे वाद्य पायानंच वाजते."

"वाजते तं वाजू दे. पण जोडे घालून वाद्यावर चढायचं, हे मले नाही पटत. देव नाही मानत मी. पण वाद्याले जोडा लागला तं मले झोप नाही येत." आणि त्यांनी ताटात भात कालवायला घेतला. मी तेव्हा मनात म्हटलं, म्हातारपण आहे, चालायचंच.

तर असा तो ताणाचा हंगाम. पहाटे पाच ते सात मी मागच्या पडवीत बसत असे, अंगावर शाल, पायात बूट. समोर पानं गाळणारी झाडं, जमिनीला भेगा, आणि खोक्याच्या फळ्यांची खटखट. चौथ्या आवाजाची सुरावट मी मनात म्हणायची आणि पाय फळ्यांवर चालवायची. मुकी खटखट ऐकून शेजारच्या बगिच्याचे मालक एकदा कुंपणाशी येऊन उभे राहिले. "शिलाई मशीन घेतली का ताई?" म्हणाले. मी हो म्हणून टाकलं. पुढचा महिनाभर त्यांच्या घरून ब्लाउजचं कापड येईल की काय या भीतीत मी होते.

बाबा आत अंथरुणावर पडून ऐकत असत, हे मला माहीत नव्हतं. एका सकाळी आतून आवाज आला, "डावा पाय मांगं पडून राहिला तुझा." मी थबकले. पुन्हा वाजवलं. "अजून मांगं आहे. समेच्या आधी उचल." ज्याला फ्यूगमधलं काही माहीत नाही, ज्याला त्या फळ्या बघायच्याही नाहीत, त्या माणसानं नुसत्या लाकडाच्या आवाजावरून माझी लय पकडली होती. दुसऱ्या दिवशी ते पेटी घेऊन दारात बसले, माझ्याकडे पाठ करून. मी रोज गुणगुणायची ती वरची सुरावट त्यांनी कानानंच उचलली होती. ते वरचा आवाज वाजवायचे, मी खाली खटखट करायची. अशी आमची दोघांची विचित्र मैफल महिनाभर रोज सकाळी झाली, आणि त्या महिन्यात बाबांनी एकदाही मागे वळून माझ्या पायांकडे पाहिलं नाही. त्या मैफलीची आठवण आली की मला अजून हसू येतं.

जानेवारीच्या शेवटी, ज्या आठवड्यात मागच्या बगिच्यात पाणी सुटलं, त्या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात नागपूरला गेले. मधले तीन रविवार दवाखान्याच्या शिबिरांत गेले होते, त्यामुळे खऱ्या ऑर्गनवर मी महिन्यानं बसत होते. सरांनी पंखा लावला. तीन आवाज हातांनी छान उभे राहिले. मग मी पाय टाकला आणि जो सूर आला तो त्या फ्यूगमधलाच काय, कुठल्याच फ्यूगमधला नव्हता. दुसरा चुकला. तिसरा चुकला. सगळ्यात खालच्या पट्टीसाठी डावा पाय टाकला तर बूट पट्टी ओलांडून बाजूच्या लाकडी कडेवर धाडकन आदळला. सरांनी डोळे मिटले. मी सहा वेळा पुन्हा सुरू केलं आणि सहाही वेळा त्या कडेनं मला परत पाठवलं. मधल्या पट्ट्या जवळपास बरोबर, आणि जितकं बाहेर जावं तितकं जास्त चूक. औषधांच्या बाईला कळायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. माप चुकलं होतं.

परत येताना मी सरळ पांढुर्ण्याला गेले. वामनकाकांना सगळं सांगितलं. ते सौंसरला आले, फळ्यांपुढे उकिडवे बसले, दोन पट्ट्यांच्या मध्ये आपलं बोट घातलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हवा," ते म्हणाले.

"काय?"

"हवा सोडली मी. पोरी, हात ऐकते का माणसाचं? फळी ठेवली का मधात एक बोट हवा सोडते. तीस वर्षं झाले. संत्र्याले हवा नाही भेटली तं सडते." कागदावरची फट बोटापेक्षा थोडी कमी होती. प्रत्येक ठिकाणी जरासंच जास्त, इतकं जरासं की डोळ्याला दिसू नये, पण इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत ते साचत साचत पूर्ण एका पट्टीएवढं झालं होतं. महिनाभर माझे पाय संत्र्यांच्या सोयीनं चालत होते. मला संताप यायला हवा होता. काकांचा चेहरा पाहून मला हसू फुटलं, मग त्यांनाही, आणि दारात उभे असलेले बाबा म्हणाले, "हसता काय दोघं? चार आठवडे राह्यले."

काकांनी दोन दिवसांत सगळं उखडून पुन्हा ठोकलं, या वेळी सुतळीला गाठी मारून, प्रत्येक गाठ माझ्या कागदाशी जुळवून. पण फळ्या दुरुस्त झाल्या, पायांना कोण ठोकणार? महिनाभर जे अंतर त्यांच्यात भिनलं होतं तेच ते मोजत होते. मी खाली बघून वाजवायला लागले. खाली बघितलं की हात चुकत. दहा दिवस गेले. एका सकाळी मी बूट काढून भिंतीकडे फेकले आणि रडले. आवाज न करता, पण रडले.

बाबा आले. त्यांनी बूट उचलले, बाहेर पायरीवर नेऊन ठेवले. परत येऊन, पहिल्यांदाच, माझ्या पायांकडे तोंड करून बसले.

"मी पेटी वाजवताना खाली पाहतो का?"

"नाही."

"बोटाले कसं समजते काळी कुठं आहे?"

"हाताला लागते."

"मंग पायाले काऊन नाही लागत? कारण तू जोडा घातला. जोड्याले काय लागन?" मग म्हणाले, "उघड्या पायानं वाजव. मले पण बरं वाटन."

मी अनवाणी पाय फळ्यांवर ठेवला. थंडगार लाकूड. चवडा सरकवला तर अंगठ्याला काळ्या पट्टीची कड लागली. आणखी सरकवला, पुढे दोन काळ्यांमधली खाच. म्हणजे इथे हा सूर. आता अंतर पाठ करायची गरजच नव्हती. प्रत्येक सुराच्या आधी पायाच्या बोटानं वाट चाचपायची आणि मग उतरायचं. त्या सकाळी पहिल्या चार ओळी हळूहळू, पण एकही चूक न होता झाल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते आनंदानं मान डोलावत होते, लय अजून कच्ची होती तरी.

सरांना पटवणं सोपं नव्हतं. "मी पन्नास वर्षं बुटात वाजवलं," ते म्हणाले. "माझे गुरू बुटात वाजवायचे." मी त्यांना म्हटलं, सर, एकदाच. चपला तर मी पहिल्या दिवसापासून सवयीनं चर्चच्या दाराबाहेरच काढत आले होते, आत येऊन बूट चढवायचे एवढंच. मी तशीच बाकावर बसले. चौथा आवाज आला आणि बरोबर जागी आला. खालची पट्टी आली, डाव्या अंगठ्यानं शेवटची काळी चाचपली, एक पाऊल बाहेर, आणि सूर. कडेवर आदळणं नाही. सर वाकून पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "जुन्या काळचे वादक टाच वापरत नसत म्हणतात. सगळं चवड्यांनी. मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं." आणि त्यांनी माझे बूट उचलून कपाटात ठेवून दिले.

शेवटच्या रविवारी आम्ही तिघं पहिल्या बसनं निघालो: मी, बाबा, वामनकाका. लोधीखेड्यापर्यंत बसमध्ये संत्र्याच्या फुलांचा वास भरून होता. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि खिशात ती गाठींची सुतळी ठेवली होती, का ते त्यांनाच ठाऊक. चर्चमध्ये प्रार्थना संपली, बरीच मंडळी थांबली. कमिटीचे पाच जण पुढच्या बाकावर कागद घेऊन बसले. त्यांच्यात चिटणीस सुलभाबाई होत्या, निवृत्त परिचारिका, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. ऑर्गन मागच्या सज्जात, उंचावर. वादकाची लोकांकडे पाठ असते, म्हणून समोर एक लहान आरसा लावलेला असतो. त्यात मला बाबा दिसले, शेवटच्या बाकावर, पेटीपुढे बसतात तसे ताठ. सर माझ्या शेजारी उभे होते, नळ्यांत वारा सोडणाऱ्या खुंट्या ओढायला.

मी सुरुवात केली. पहिला आवाज एकटा निघाला, त्या उंच छताखाली अगदी लहान. दुसऱ्यानं त्याला गाठलं. तिसरा. डावा हात, माझा जुना हमाल, आपली ओळ अशी म्हणत होता की मला त्याचा अभिमान वाटला. मग सरांनी ती मोठी खुंटी ओढली, मी पाय टाकला, आणि बाकाखालून तो चौथा आवाज उठला. फळ्यांवर मी त्याला दोन महिने मुका ऐकला होता. आता तो माझ्या कण्यातून वर येत होता, खिडकीची तावदानं बारीक थरथरत होती, आणि वरचे तिघं त्याच्या खांद्यावर चढून बोलायला लागले. मधे एकदा उजवा पाय चुकीच्या खाचेत शिरला. अंगठ्याला लगेच कळलं, सूर निघायच्या आत तो बाहेर आला. शेवटच्या पानावर डावा पाय सगळ्यात खालच्या पट्टीवर जाऊन तिथेच थांबतो, आणि वरचे तिन्ही आवाज त्या एका लांब सुरावर चढत, भांडत, वळत घरी येतात. ते घरी आले. मी हात उचलले. छतात सूर थोडा वेळ राहिला आणि मग गेला.

खाली कुजबुज सुरू झाली. आरशात पाच डोकी एकत्र आली. सर खुंटी धरूनच उभे होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग सज्जाच्या लाकडी जिन्यावर पावलं वाजली आणि सुलभाबाई वर आल्या, धापा टाकत.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटंही लागली नाहीत. ऑर्गन राहील. दुरुस्ती होईल. आणि शिरसाट सर, रविवारची गाणीसुद्धा या वाजवतील, यांना चालत असेल तर."

सरांनी मान डोलावली. मला चालत होतं, मी म्हटलं. माझा आवाज फार मोठा आला.

सुलभाबाई जिन्याकडे वळल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि परत आल्या. "एक खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "आम्ही पाचही जण तुम्ही कुठे चुकता तेच ऐकत बसलो होतो. गाणं ऐकायचं राहूनच गेलं. पुन्हा वाजवाल का? आता ठरवायचं काही राहिलेलं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या खुंट्या पुन्हा जागेवर नेल्या. आरशात कमिटीनं कागद बाकाखाली ठेवले. निघालेली माणसं दारातून परत येऊन बसत होती. मी पहिला सूर दाबला. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि या वेळी मला तो लपवावासा वाटला नाही. पहिला आवाज निघाला, दुसरा, तिसरा. चौथ्याची वेळ आली तेव्हा मी छताकडे बघून हसत होते, आणि पाय माझ्या आधीच तिथे पोचले होते.